माईक कॉलरला, आवाज मात्र विहिरीतून: पहिल्या व्हिडिओत हमखास होणारा घोळ

डिसेंबर-जानेवारीत कॉलेजांची प्रोजेक्टं सुरू झाली की मला एक फोन ठरलेला असतो. माणूस दरवेळी वेगळा, वाक्य तेच: "दादा, माईक लावला होता की ओ, तरी आवाज लांबनं आलाय." मी बारशी, गॅदरिंग, कीर्तनं, गावाकडच्या छोट्या मुलाखती असली कामं करतो. हा घोळ इतक्यांदा निस्तरलाय की समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी विचारतो, "फोनचं कव्हर काढलं होतंस का?"

हा प्रश्न मला आयता सुचलेला नाही. २०१७ च्या जानेवारीत मी माझा पहिला व्हिडिओ करायला करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर गेलो होतो. पहाटे पाचला काहिलीत रस पडला. भेंडीचं पाणी घालून मळी वर कशी आणायची, पाकाचा थेंब पाण्यात सोडून गोळी कशी बघायची, हे गुळव्यानं, म्हणजे गूळ करणाऱ्यानं, हात हलवत, मधूनच चुलाणात जाळ घालणाऱ्या जळव्याला हाका मारत सांगितलं. अठरा मिनिटं. त्याच्या सदऱ्याला मी नवाकोरा कॉलर माईक लावला होता. घरी येऊन ऐकलं तर चरकाचं इंजिन ठणाणा वाजतंय आणि गुळवा पलीकडच्या शिवारातून बोलतोय. माईकची पिन कव्हरमुळे दीड-दोन मिलिमीटर बाहेरच राहिली होती. फोनला माईक दिसलाच नाही. त्यानं आपल्या पोटातल्या माईकनं सगळं टिपलं, आणि स्क्रीनवर त्याची काही खूणही दिसली नाही.

या घोळाचा खरा त्रास हाच आहे. चित्र बिघडलं तर जागेवर दिसतं. आवाज बिघडला तर घरी गेल्यावर कळतं, तेव्हा चूल विझलेली असते.

आधी लक्षण ओळखा

"आवाज खराब आलाय" एवढ्यावर काही सांगता येत नाही. हेडफोन लावून ऐका, मग यातलं कोणतं ते बघा:

- आवाज पोकळ, लांबून आल्यासारखा. खोलीचा घुमारा, पंखा, रस्ता सगळं बोलण्याइतकंच मोठं. (शंभरात बहुतेकांचं हेच असतं.)
- आवाजच नाही. एडिटिंगमध्ये आवाजाची पट्टी सपाट.
- बोलणं आहे, पण हळू. वाढवलं की मागे "स्स्स" वाढतं.
- सतत "घूंऽऽ" अशी गुणगुण, किंवा मधूनच "टिरिक टिरिक".
- मोठ्यानं बोललं की आवाज फाटतो.
- खरखर, किणकिण. माणूस हलला की वाढते.
- एकाच कानात आवाज.
- सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, दहा मिनिटांनी जुळत नाहीत.

एका कानाचं आत्ताच संपवून टाकू: तो बिघाड नाही. एका माईकचा आवाज कॅमेऱ्यानं फक्त डाव्या बाजूला लिहिला आहे, एवढंच. एडिटिंगमध्ये ती क्लिप मोनो करा, दोन्ही कानांत येईल. यासाठी नवीन माईक विकत घेतलेली दोन पोरं मला माहीत आहेत.

पहिली तपासणी: नखाची टिचकी (खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट)

माईक जोडा, रेकॉर्डिंग सुरू करा. माईकच्या टोकावर नखानं तीनदा टिचकी मारा. मग फोनच्या खालच्या कडेला, जिथं बारीक भोक असतं तिथं, तीनदा मारा. थांबवा आणि ऐका. माईकवरची टिचकी कानात ठणकन बसली आणि फोनवरची जेमतेम आली, तर कॉलर माईक चालू आहे. उलटं झालं तर फोन स्वतःच्याच कानानं ऐकतोय.

ही तपासणी पहिली, कारण तिच्यावरून पुढची वाट ठरते. माईक चालू असूनही आवाज पोकळ, लांबचा असेल तर बॅटरी, पिन, अडॅप्टर यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. सरळ "माईक कुठं लावलाय" या भागावर जा. माईक चालूच नसेल तर तो कुठं लावला याला काही किंमत नाही. बोलून बघितल्यानं हे कळत नाही. शांत खोलीत जवळून बोललात तर फोनचा माईकसुद्धा बरा वाटतो.

एक गोम आहे. साध्या जॅकच्या फोनवर रेकॉर्डिंग ऐकायला माईक काढावा लागतो, हेडफोनची आणि त्याची जागा एकच असते. ऐकून झालं, परत माईक लावला, आणि नेमका तेव्हाच तो अर्धवट बसला, असं होतं. म्हणून माईक परत लावल्यावर टिचक्या पुन्हा मारायच्या आणि त्या तशाच रेकॉर्ड होऊ द्यायच्या. फोनच्याच स्पीकरवर ऐकत असाल तरी माईक उपसून परत लावलात की हेच.

दुसरी: कव्हर आणि कचरा

कव्हर काढा. जाड रबरी कव्हरचं भोक हेडफोनच्या बारीक पिनेसाठी असतं. माईकच्या पिनेचं बूड त्याहून जाड असतं. ३.५ मिलिमीटरची पिन शेवटी "टक्" करून बसली पाहिजे. यूएसबी-सीचंही तसंच.

कव्हर काढूनही बसत नसेल तर भोकात टॉर्च मारा. खिशातला धागा, धूळ, पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्या एका गड्याच्या फोनात तर चक्क पीठ, आत घट्ट दाबून बसलेलं असतं. फोन बंद करून लाकडी दातकोरण्यानं हळू काढा. टाचणी, सेफ्टी पिन, सिमची पिन यांपैकी काहीही आत घालायचं नाही. आतल्या पत्र्याच्या पात्या नाजूक असतात. एक वाकली की दहा मिनिटांचं काम दुकानात जातं.

तिसरी: स्विच आणि बॅटरी

तारेवर बॅटरीची डबी असलेले कॉलर माईक आपल्याकडे घरोघरी आहेत. बोया बीवाय-एम१ हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या डबीवर स्विच असतो: एका बाजूला "ऑफ/स्मार्टफोन", दुसऱ्या बाजूला "कॅमेरा". नवखा माणूस "ऑफ" वाचतो, घाबरतो आणि स्विच दुसरीकडे ढकलतो. तिथंच फसतो. फोनला लावताना तो "ऑफ"वरच हवा. फोन माईकला स्वतःच वीज पुरवतो, म्हणून डबीतली बॅटरी बंद. माईक बंद नव्हे. कॅमेऱ्याला लावताना मात्र "कॅमेरा"वर, आणि मग आत एलआर४४ हा बटणसेल चांगला हवा.

आवाज हळू येत असेल, वाढवल्यावर "स्स्स" येत असेल, तर सेल उतरला असण्याची शक्यता मोठी. गेल्या कामानंतर स्विच तसाच राहिला असेल तर तो पेटीत पडल्यापडल्याच उतरलेला असतो. घड्याळजीकडे हा सेल मिळतो. दोन घ्या, एक माईकच्या पिशवीत टाका.

चौथी: पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा

इथं थोडं थांबतो, कारण दुकानदारही इथं चुकतात.

माईकची पिन डोळ्याजवळ धरा. तिच्यावर दोन काळ्या रेघा असतील तर पिनेचे तीन भाग झाले. ती टीआरएस, कॅमेऱ्यासाठीची. तीन रेघा असतील तर चार भाग. ती टीआरआरएस, फोनसाठीची. हल्लीच्या फोनांत या चार भागांची वाटणी अशी: टोकाकडून डावा कान, उजवा कान, अर्थ (अर्थिंगची तार), आणि बुडाशी माईक.

आता तीन भागांची पिन फोनात घातली की काय होतं बघा. तिचं बूड लांब असतं. ते फोनातल्या अर्थ आणि माईक या दोन्ही पात्यांना एकदम टेकतं. फोनच्या दृष्टीनं माईकची तार अर्थला जोडली गेली, म्हणजे "हा माईक नाही, साधा हेडफोन आहे". मग तो मुकाट्यानं आपला पोटातला माईक चालू ठेवतो. माईक उत्तम, फोन उत्तम, पिन पूर्ण बसलेली, आणि आवाज विहिरीतून. डीएसएलआरसाठी घेतलेला माईक मित्राकडून आणून फोनला लावला की हमखास हे होतं.

उपाय म्हणजे टीआरएसवरून टीआरआरएस करणारी छोटी तार. दुकानात "माईकसाठी तीन रिंगांचं कन्व्हर्टर" म्हणालात तर तो तुम्हाला हेडफोनचा स्प्लिटर देईल, एकाचे दोन करणारा. त्याचं एक तोंड माईकसाठी असेल तर चालतो, दोन्ही तोंडं हेडफोनची असतील तर त्याचा उपयोग नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर माईक आणि फोन दोन्ही बरोबर न्या, काउंटरवरच टिचकी मारून घ्या.

फोनला जॅकच नसेल आणि मध्ये यूएसबी-सीचा अडॅप्टर असेल, तर तोही संशयित. काही अडॅप्टर नुसत्या तारा पुढे नेतात. ते ठरावीक फोनांवरच चालतात. काहींच्या आत आवाजाची चिप असते, ते बहुतेक ठिकाणी चालतात. दिसायला दोन्ही सारखेच. ओळखायची सोपी रीत: त्याच अडॅप्टरला माईकवाला साधा इअरफोन लावा, त्यावर रेकॉर्ड करा आणि टिचकी मारा. इअरफोनचा माईक टिपला गेला तर अडॅप्टर ठीक.

पाचवी: ॲपला विचारा

तारांचं सगळं बरोबर असूनही काही फोनांचं कॅमेरा ॲप बाहेरच्या माईककडे ढुंकून बघत नाही. सॅमसंगच्या ज्या फोनांत "प्रो व्हिडिओ" आहे, त्यात माईक कुठला घ्यायचा हे निवडता येतं. अँड्रॉइडवरच्या फुकट मिळणाऱ्या ओपन कॅमेरा ॲपच्या सेटिंगमध्ये आवाजाचा स्रोत म्हणून बाहेरचा माईक निवडायची सोय आहे. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲपही फुकट आहे, आयफोनसाठी २०२३ मध्ये आलं आणि अँड्रॉइडसाठी २०२४ मध्ये. त्यात आवाजाचा काटा समोर दिसतो, आणि मला तेवढ्यासाठीच ते आवडतं. काटा हलताना दिसला की पोटात शांत वाटतं.

सहावी: माईक कुठं लावलाय

नखाच्या तपासणीत माईक पास झाला, तरी आवाज वाईट, अशांनी इथं यायचं.

तोंडापासून माईकचं अंतर दुप्पट केलं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलनं पडतो. पंखा आणि भिंतींचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून हनुवटीखाली एक वीत, छातीच्या मधोमध. पोटावर नको, खिशात नको. गळ्याला अगदी चिकटूनही नको, हनुवटीच्या आडोशानं आवाज दबतो.

खरखर येत असेल तर ती बहुतेकदा कापडाची. सिल्क आणि कडक खळ घातलेलं सुती कापड सर्वांत वाईट. साडीला पदराच्या काठावर माईक लावला की प्रत्येक श्वासाला पदर घासतो. ब्लाउजच्या गळ्याला आतून लावा आणि तारेला क्लिपपाशी एक सैल वेटोळं ठेवा, म्हणजे ओढ थेट माईकवर येत नाही. मंगळसूत्र, तुळशीची माळ, ओळखपत्राची दोरी, यांची किणकिण नंतर काढता येत नाही. माळ काढा म्हणायचं नाही कुणाला. माईक बाजूला सरकवायचा. वारकरी आजोबांना माळ काढायला सांगितलेला एक मुलगा मी बघितलाय. मुलाखत तिथंच संपली.

सातवी: "घूं" आणि "टिरिक"

फोन किंवा लॅपटॉप चार्जरला लावलेला असेल तर काढा. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं. त्यातून येणारी विजेची बारीक गळती माईकच्या तारेत ५० हर्ट्‌झची गुणगुण बनून बसते. चार्जर काढल्यावर गुणगुण गेली, तर काम पॉवर बँकेवर करा. वीज गेली आणि घर इन्व्हर्टरवर चालू झालं की ती गुणगुण जास्तच बोचरी होते, विशेषतः जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर. पंख्याचा किंवा दिव्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही हेच करतो.

"टिरिक टिरिक" म्हणजे मोबाईलचं नेटवर्क तारेत शिरतंय. फोन विमान मोडवर टाका, बोलणाऱ्याच्या खिशातला फोनही. याचा दुसरा फायदा मोठा: मुलाखतीच्या ऐन मध्यात मावशीचा फोन येऊन रेकॉर्डिंग थांबत नाही.

आठवी: फाटलेला आवाज

काटा दिसत असेल तर बोलण्याची उंच टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्य हे छत आहे. त्यावर गेलेला आवाज सपाट कापला जातो, आणि कापलेला भाग फाइलमध्ये उरतच नाही. हळू आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला पुरता शिवता येत नाही. आवाजाची पातळी ऑटोवर ठेवली तर माणूस थांबला की फोन आवाज आपोआप वाढवतो आणि मागचा पंखा फुगून वर येतो. जमेल तिथं ऑटो बंद करा.

नववी: ओठ मागे, आवाज पुढे

हे फोनवर चित्र आणि वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेणाऱ्यांचं दुखणं. दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालतात, त्यामुळे तासाभरात एक-दोन फ्रेम सरकणं साहजिक आहे. मध्ये एक काप देऊन जुळवून टाका. पण मिनिटागणिक सरकत असेल तर कारण दुसरं.

एक म्हणजे फोनची फ्रेमची गती स्थिर नसणं. उजेड कमी-जास्त झाला की फोन ती बदलतो आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर गोंधळतं. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये "कॉन्स्टंट फ्रेमरेट" निवडून फाइल नव्यानं बनवा, मग एडिट करा. दुसरं म्हणजे रेकॉर्डर ४४,१०० हर्ट्‌झवर (सेकंदाला आवाजाचे इतके नमुने) आणि एडिटिंगचं प्रोजेक्ट ४८,००० वर. सॉफ्टवेअर सहसा हे सांभाळून घेतं. न घेतल्यास दहा मिनिटांचा आवाज सुमारे ९ मिनिटं ११ सेकंदांत उरकतो आणि माणूस बारीक आवाजात बोलू लागतो. रेकॉर्डर ४८,००० वर ठेवून विसरून जा. आणि प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी, म्हणजे चित्र आणि आवाज तिच्यावर जुळवता येतात.

इथं थांबा, जाणत्याला बोलवा

पिन दाबून धरली की आवाज येतो, सोडली की जातो, असं असेल तर जॅक आतून सुटलाय. फोन असेल तर मोबाईल दुरुस्तीवाला, कॅमेरा असेल तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर. यूट्यूब बघून कॅमेरा उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यावरही झटका देण्याइतकी वीज उरते.

लॅपटॉपच्या पत्र्याला किंवा माईकच्या जाळीला हात लावल्यावर नुसत्या झिणझिण्या नव्हे, खरा झटका बसत असेल, तर तो माईकचा प्रश्नच नाही. रेकॉर्डिंग बंद, आणि त्या घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन तोडून काम भागवायचं नाही.

कीर्तनाला, लग्नाला साउंडवाल्याच्या मिक्सरमधून आवाज घ्यायचा असेल तर त्याला विचारा आणि तार त्यालाच लावू द्या. मिक्सरचा लाइन आवाज माईकच्या आवाजाच्या शेकडो पट तगडा असतो. तो फोनच्या माईकच्या भोकात सोडलात तर फाटकाच येणार. मध्ये आवाज कमी करणारी तार लागते. शिवाय त्याच मिक्सरच्या माईकच्या वाटांवर ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (मिक्सरनं माईकला दिलेली वीज) असू शकतो. चुकीच्या वाटेत पिन गेली तर नुकसान तुमच्या फोनचं.

फाइल उघडतच नाही, किंवा शून्य केबी दाखवते? कार्ड लगेच बाहेर काढा. फॉरमॅट नको, पुन्हा शूटिंग नको, "जरा बघू" म्हणून काही कॉपी करणंही नको. जुन्या फाइलच्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं की डेटा परत मिळवणाऱ्याचेही हात टेकतात. कार्ड पाकिटात घालून वर तारीख लिहा आणि मगच माणूस शोधा.

राहिला पुन्हा न होणारा प्रसंग: आजीची शेवटची मुलाखत, मुंज, निरोप समारंभ. आवाज विहिरीतला आलाय आणि परत शूट करता येत नाही. मूळ फाइलची प्रत काढून दोन ठिकाणी ठेवा. ऑडॅसिटी या आवाजाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये इंजिन-पंख्यासारखा एकसारखा आवाज थोडा उतरवता येतो: कुणी बोलत नाही असा, नुसत्या इंजिन-पंख्याचा तुकडा आधी ओळखीला द्यायचा, मग सगळ्यावर लावायचं. एकदा, हलक्या हातानं. तीनदा लावलं की माणूस पाण्याखालून बोलतो. घुमारा मात्र यानं जात नाही. साउंड एडिटरला एक मिनिटाचा सर्वांत वाईट तुकडा पाठवा आणि कितपत सुधारेल ते ऐकूनच पैसे ठरवा.

गुळव्याची अठरा मिनिटं मी तसंच करून बघितली; इंजिन निम्मं उतरलं, पण गुळवा जवळ आला नाही. शेवटी मार्चमध्ये, हंगाम संपल्यावर, त्याच्या घरी ओसरीवर बसून तेच सगळं परत विचारलं, फोनचं कव्हर काढून. टिचकी मारली तेव्हा तो म्हणाला, "पाव्हणं, ह्ये गुळाची ढेप वाजवून बघतोय की काय?" तो आवाज मी गुऱ्हाळाच्या चित्रांवर लावला.